हजार क्युसेक

आम्ही हरिद्वारला पोचलो तेव्हा गंगेत पाणी नव्हते.

२०१९ चा ऑक्टोबर. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. आमच्या यांच्या अस्थींचा कलश मुलाच्या मांडीवर होता. स्टेशनवरून आम्ही तडक हर की पौडीवर आलो. पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडल्या होत्या, त्यांच्यावरचे शेवाळ वाळून करडे झाले होते. साखळी धरून लोक छातीभर पाण्यात उभे राहतात, त्या जागी नुसते गोटे. मधून घोट्याएवढी एक धार चालली होती. त्या गोट्यांत बायका-पोरे वाकून नाणी वेचत होती, वर्षभर भाविकांनी टाकलेली. एकाजवळ दोरीला बांधलेले लोहचुंबक होते. एका पोराने लाकडी चौकटीत काच बसवून आणली होती. ती पाण्यावर टेकवली की खालचा तळ स्वच्छ दिसत असे.

गुरुजी म्हणाले, "गंगाबंदी है माताजी. दिवाली तक."

त्या शब्दापाशी मी थांबले. बंदी हा आमच्या घरातला शब्द. यांची सारी नोकरी प्रवरेच्या कालव्यांवर गेली. पाळी सुटली, पाळी संपली, कालवा बंदीवर आहे, या बोलण्यावर आमचे महिने मोजले जात. बंदीच्या दिवसांत हे सकाळीच बाहेर पडत, कारण अस्तरीकरणाची दुरुस्ती, दारांचे ग्रीसिंग, गाळ काढणे सगळे तेव्हाच उरकायचे असे. पण बंदी असते ती कालव्याची. नदीला बंदी कोण घालणार?

उत्तर समोरच होते. हर की पौडीवर ज्या पाण्यात देशभरची माणसे डुबकी मारतात ते भीमगोड्याच्या बंधाऱ्यापासून वळवून आणलेले पाणी आहे. नदीचा मूळ प्रवाह पलीकडून, नीलधारेतून जातो. घाटावरून पुढे गेलेले पाणी मायापूरच्या दारांतून गंगेच्या कालव्यात शिरते, आणि त्या कालव्याची सफाई दरवर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चालते. कालवा बंद म्हणून घाट कोरडा. हे सोबत असते तर दोन मिनिटांत सगळा नकाशा हवेत बोटाने काढून मोकळे झाले असते.

अस्थिविसर्जन कनखलच्या सतीघाटावर झाले. गुरुजींनी त्यांच्या लांबोड्या वहीत यांचे नाव, वडिलांचे, आजोबांचे, गावाचे नाव लिहून घेतले. आणि मग मी मुलाला म्हटले, आलोच आहोत तर मला इथे आणखी दोन दिवस राहायचे आहे. कनखलच्या पलीकडे, जगजीतपूरला, गंगेच्या काठी एक आश्रम आहे. त्याचे नाव मातृसदन. एक वर्षापूर्वी त्या आश्रमात स्थापत्य अभियांत्रिकीचे एक निवृत्त प्राध्यापक १११ दिवस अन्नावाचून राहिले, आणि तिथून नेल्यावर दुसऱ्या दिवशी ऋषिकेशच्या रुग्णालयात वारले. त्यांचे नाव गुरुदास अग्रवाल. जग त्यांना जी. डी. अग्रवाल म्हणत असे. शेवटच्या सात वर्षांत ते स्वामी ज्ञानस्वरूप सानंद होते. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, त्यांना मी कधी पाहिलेही नाही. पण ते शिकवत तोच विषय मी नगरच्या तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे शिकवला, आणि त्यांच्या मरणावरून आमच्या घरात जे बोलणे झाले ते यांच्या माझ्यातल्या शेवटच्या मोठ्या बोलण्यांपैकी एक होते.

त्यांची गोष्ट सांगायची तर आधी या कालव्याची सांगावी लागते. आपल्या देशातले अभियांत्रिकीचे शिक्षण याच कालव्याच्या पोटी जन्मले.

१८३७-३८ मध्ये गंगा-यमुनेच्या दुआबात दुष्काळ पडला. सुमारे आठ लाख माणसे गेली असा अंदाज आहे. त्यानंतर प्रोबी कॉटली या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने हरिद्वारला गंगा अडवून दुआबात पाणी न्यायचा आराखडा मांडला. महिनोन्‌महिने हा माणूस घोड्यावरून आणि पायी तो मुलूख मोजत हिंडला होता. १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली. पैसा कधी होता, कधी नव्हता. अफगाण युद्धापायीही काम रेंगाळले. ८ एप्रिल १८५४ रोजी रुडकीला पाणी सोडले गेले. मुख्य कालवा साडेपाचशे किलोमीटरचा.

हरिद्वार ते रुडकी हे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. सगळी करामत तेवढ्यातच आहे, आणि हे त्यावर तासभर बोलू शकत. शिवालिकच्या टेकड्यांतून पावसाळ्यात उन्मत्त होऊन येणारे चार प्रवाह कालव्याला आडवे येतात. रानीपूर आणि पथरी हे दोन कॉटलीने कालव्याच्या डोक्यावरून नेले. वरून नदी, खालून कालवा. रतमऊला धनौरीपाशी त्याने कालव्याच्या पातळीतच पार होऊ दिले, दारे लावून. आणि सोलानी नदीवर कालवाच उचलून विटांच्या कमानींवरून पार केला. त्या जलसेतूच्या टोकांना दगडी सिंह बसवले आहेत. एकाच कामावर वरून, मधून आणि खालून, तिन्ही तऱ्हा! आमच्याकडे चारी ओढ्यावरून न्यायची झाली तरी तीन पावसाळे जातात, असे हे म्हणत. सोलानीच्या भरावाची माती ओढायला डिसेंबर १८५१ मध्ये रुडकीत वाफेचे इंजिन धावले. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता.

इतक्या कामाला ओव्हरसियर लागत, नकाशे काढणारे लागत, लेव्हल लावणारे लागत. ते विलायतेहून किती आणणार? म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांनी १८४७ मध्ये रुडकीला कॉलेज काढले. पुढे ते थॉमसन कॉलेज झाले, १९४९ मध्ये रुडकी विद्यापीठ, २००१ पासून आयआयटी. कालव्यात पाणी आले त्याच १८५४ साली आपल्या पुण्यातही बांधकाम खात्याच्या दुय्यम नोकरांसाठी अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले ते त्यातून, आणि हे तिथलेच. एका दुष्काळाने, एका कालव्याने आपला हा पेशा घडवला. पेशाची पहिली शिकवणही तेव्हाच पक्की झाली: नदीचे पाणी शेतात गेले तर सार्थकी लागले, समुद्राला गेले तर वाया गेले. दुष्काळ पाहिलेल्या पिढीने हे म्हटले, त्यात मला काही वावगे दिसत नाही. यांनीही ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची मजुरी वाटली होती. समुद्राला मिळणारे पाणी त्यांना डोळ्यांनी पाहवत नसे.

पण हरिद्वारच्या पंड्यांना दुसरी चिंता होती. गंगा पूर्ण अडवली तर ती गंगा राहील का? सांगतात की त्यांच्या विरोधानंतर कॉटलीने बंधाऱ्यात एक मोकळी जागा ठेवायचे कबूल केले, तिथून गंगा अडथळ्याविना वाहील. त्याने घाटही दुरुस्त करून दिले, आणि कामाचा आरंभ गणेशपूजनाने केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने पक्का बंधारा घालून आणखी पाणी वळवायचे ठरवले. त्यावर पंडित मदनमोहन मालवीय उभे राहिले. काही वर्षे वाद चालला. अखेर १९१६ च्या डिसेंबरात, १८ आणि १९ तारखेला, हरिद्वारला बैठक झाली. एका बाजूला लेफ्टनंट गव्हर्नर मेस्टन आणि पाटबंधाऱ्याचे अधिकारी. दुसऱ्या बाजूला मालवीय, हिंदू पुढारी आणि जयपूर, बिकानेरसारख्या संस्थानांचे महाराजे. ठरले ते असे, की हर की पौडीला आणि घाटांना मोकळ्या वाटेने निदान एक हजार क्युसेक पाणी मिळत राहील.

एक हजार क्युसेक. मी त्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरांच्या थोडे वर. हे पाटकऱ्यांना समजावत, "सेकंदाला दोन घागरी." म्हणजे गंगेच्या वाट्याला सेकंदाला दोन हजार घागरी आल्या. माझ्या माहितीत आपल्याकडे नदीसाठी नदीतच किती पाणी ठेवायचे याचा करार होऊन आकडा लिहिला गेला, असे जुने उदाहरण याहून ठळक नाही. तो आकडा शास्त्रावरून काढलेला नव्हता. श्रद्धा आणि सरकार यांच्या घासाघीशीतून तो निघाला. तरी आकडा होता, आणि पाटबंधारे खात्याला लिहिलेला आकडा कळतो.

गुरुदास अग्रवाल यांचा जन्म २० जुलै १९३२ चा, उत्तर प्रदेशातल्या कांधल्याचा, त्याच दुआबातला. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा रुडकीला शिकला आणि सिंचन खात्यात संकल्पन अभियंता म्हणून लागला. म्हणजे यांच्याच जातकुळीचा माणूस. धरणाच्या आराखड्यावर हात बसलेला. तिथून तो अमेरिकेत बर्कलीला गेला, पर्यावरण अभियांत्रिकीत पीएच.डी. केली आणि कानपूरच्या आयआयटीत शिकवू लागला, विभागप्रमुख झाला. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. त्याखाली निघालेल्या केंद्रीय मंडळाचे ते १९७९-८० मध्ये सदस्य-सचिव होते. त्यांचे नाव मी ऐकले ते त्याच सुमारास. ज्यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले त्यांत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट काढणारे अनिल अग्रवाल होते, डेहराडूनची लोकविज्ञान संस्था उभारणारे रवी चोप्रा होते. हवेतली धूळ मोजायची यंत्रे देशात बनवणाऱ्या एन्व्हायरोटेकचे ते एक संचालक होते.

आमचा विषय काय असतो ते इथे सांगायला हवे. आम्ही पाणी किती आहे ते मोजत नाही, पाण्यात जीव किती आहे ते मोजतो. त्याची मुख्य चाचणी बीओडीची. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, घासून बसवलेले तिरके बूच. ती भरताना आत एकही बुडबुडा राहता कामा नये. पाण्यात विरघळलेला प्राणवायू आज मोजायचा, दुसरी बाटली अंधारात वीस अंश तापमानाला पाच दिवस ठेवायची, आणि मग पुन्हा मोजायचा. घाण खाणाऱ्या जंतूंनी किती प्राणवायू वापरला ते फरकावरून कळते. स्टार्च घातल्यावर निळे झालेले पाणी एका थेंबाने नितळ होते; त्या थेंबाला मुलांचे चेहरे उजळत, दरवर्षी.

मुले विचारत, पाचच दिवस का? याचे उत्तर मला आवडत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात सांडपाण्यावर एक शाही आयोग बसला होता. इंग्लंडातल्या नद्या आखूड. उगमापासून समुद्रापर्यंत जायला त्यांना पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत, म्हणून पाच दिवस, असे सांगितले जाते. अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या गंगेला आम्ही त्या मापाने मोजत होतो. पुढे १९९३ मध्ये आपल्या मानकात सत्तावीस अंश आणि तीन दिवस आले. आपल्या नदीला आपले माप हवे, एवढे सुचायला किती वर्षे गेली! आणि गंगेचे पाणी तर फार आधीपासून निराळे वागत होते. १८९६ मध्ये आग्र्याच्या प्रयोगशाळेतल्या हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. तेच पाणी उकळले तर तो गुण जातो. जंतू खाणाऱ्या विषाणूंचा शोध त्यानंतर वीस वर्षांनी लागला. अग्रवाल सरांचे म्हणणे याच धाग्याचे होते. गंगेचे पाणी इतर नद्यांसारखे नाही, तिचा गुण वरच्या डोंगरातल्या मोकळ्या, खळाळत्या वाहण्यात आणि तिथल्या गाळात आहे; तिला बोगद्यांत आणि तलावांत कोंडले तर पाणी राहील, गंगा राहणार नाही. मला यातले श्रद्धेचे किती आणि मोजलेले किती हे वेगळे करता येते. त्यांना ते वेगळे करायचे नव्हते, आणि वय वाढत गेले तसे मलाही त्याचे काही वाटेनासे झाले.

नोकरीनंतर ते चित्रकूटला राहिले. नानाजी देशमुखांनी १९९१ मध्ये तिथे ग्रामोदय विद्यापीठ उभे केले. नानाजी आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीचे. त्या विद्यापीठात अग्रवाल सर मानद प्राध्यापक झाले. दोन खोल्यांचे घर, झाडलोट स्वतः, स्वयंपाक स्वतः, खादीचे कपडे हाताने धुतलेले, गावात सायकल, दूर जायचे तर बस किंवा रेल्वेचा साधा दुसरा वर्ग. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून मिळणारे पैसे आमच्या क्षेत्रात थोडे नसतात, हे मी पाहिलेले आहे. त्या वाटेला न जाता हा माणूस सायकलवर होता.

आणि मग वयाच्या पंच्याहत्तरीनंतर ते भागीरथीच्या वरच्या खोऱ्यात उभे राहिले. तिथे काय चालले होते ते कालव्यावर काम केलेल्यालाही चटकन कळत नाही. 'रन ऑफ द रिव्हर' प्रकल्प, म्हणजे पाणी साठवणार नाही, फक्त वाहत्या पाण्यावर वीज, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात नदीला एक छोटा बंधारा घालतात, डोंगरातून कित्येक किलोमीटरचा बोगदा पाडतात आणि नदी त्या बोगद्यात घालतात. खाली जनित्रांवर आदळून ती पुन्हा पात्रात येते. मधल्या सगळ्या अंतरात पात्रात गोटे. मनेरीच्या बंधाऱ्याखाली भागीरथी अशीच होती. त्याच्या वरच्या पट्ट्यात आणखी तीन प्रकल्प ठरले होते: भैरोंघाटी ३८१ मेगावॅटचा, पाला-मनेरी ४८० चा, लोहारीनाग-पाला ६०० चा. त्यांच्याही खाली टिहरीची साडेदोनशे मीटरहून उंच भिंत. तसे झाले तर गंगोत्रीकडून आलेली नदी उघड्यावर वाहणार ती नावापुरती.

१३ जून २००८ ला त्यांनी उत्तरकाशीला पहिले उपोषण सुरू केले. त्या तिघांतले पहिले दोन प्रकल्प थांबले. त्याच नोव्हेंबरात गंगा राष्ट्रीय नदी झाली. तिसऱ्यासाठी १४ जानेवारी २००९ ला, संक्रांतीला, दिल्लीत पुन्हा उपोषण. २० फेब्रुवारीला राष्ट्रीय गंगा खोरे प्राधिकरणाची अधिसूचना निघाली. २०१० च्या जुलै-ऑगस्टात मातृसदनात तिसरे. तेव्हा लोहारीनाग-पाला रद्द झाला आणि गोमुख ते उत्तरकाशी पट्टा संवेदनशील म्हणून जाहीर करायचे ठरले. ते डिसेंबर २०१२ मध्ये झाले.

लोहारीनागची बातमी आली त्या रात्री आम्ही दोघे जेवताना भांडलो. हे संतापले होते. "अगं, सहाशे मेगावॅट! बोगदे खोदून झालेत, करोडो गेलेत, आणि एक म्हातारा जेवत नाही म्हणून बंद? हा इंजिनिअर आहे?" मी म्हटले, "अहो, इंजिनिअर आहे म्हणूनच तो जेवत नाहीये. दुसऱ्या कुणाला पात्र कोरडं पडेल हे आधी कसं कळणार?" हे ताट सोडून उठले. चाळीस वर्षांच्या संसारात तसे कधी झाले नव्हते.

मला त्या माणसाचे का लागले, तेही सांगते. नोकरीत असताना एका कारखान्याच्या नाल्याचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला होता. बीओडीचा आकडा इतका वर होता की मी चाचणी तीनदा केली. अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी वरून निरोप आला, आकडा पुन्हा पाहा. मी बदलला नाही. पण तो अहवाल कपाटात राहिला, बाहेर गेला नाही, आणि मीही तो घेऊन कुठे गेले नाही. त्या नाल्याखालच्या विहिरींचे पाणी लाल होते. मोजले, लिहिले, सही केली, आपले काम झाले, असे मी स्वतःला सांगितले. अग्रवाल सरांनी जन्मभर मोजले, लिहिले, सह्या केल्या. मंडळावर बसून सरकारचे कागद आतून पाहिले. कागदावरचा आकडा कपाटात राहतो हे त्यांना माझ्याहून कितीतरी चांगले ठाऊक असणार. तेव्हा त्यांच्याकडे ठेवायला एक शरीर उरले होते, ते त्यांनी ठेवले.

२०११ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. त्याच वर्षी त्याच मातृसदनाचे तरुण संन्यासी निगमानंद हरिद्वारच्या गंगेतल्या खडी-वाळूच्या उत्खननाविरुद्ध उपोषण करताना गेले होते. पुढे २०१२ आणि २०१३ लाही सरांची उपोषणे झाली. २२ जून २०१८ ला शेवटचे सुरू झाले. गंगेसाठी स्वतंत्र कायदा करा. भागीरथी, अलकनंदा, मंदाकिनी यांच्यावरचे होऊ घातलेले जलविद्युत प्रकल्प थांबवा. गंगेतले उत्खनन बंद करा. पंतप्रधानांना पत्रे गेली. मध घातलेले पाणी घेत ते शहाऐंशी वर्षांचे झाले. गंगा-संवर्धनाचे खाते तेव्हा आपल्या नागपूरच्या गडकरींकडे होते. निरोप, विनंत्या, भेटी चालल्या होत्या. ९ ऑक्टोबरला सरांनी पाणीही सोडले. १० ला प्रशासनाने त्यांना उचलून ऋषिकेशच्या एम्समध्ये नेले. ११ ला दुपारी ते गेले. देहदान केलेले होते. शिक्षकाचा देह मुलांना शिकायला गेला.

त्याच दोन दिवसांत, ते जिवंत असताना, सरकारची अधिसूचना निघाली: गंगेत कमीत कमी किती पाणी वाहते ठेवायचे. हरिद्वारच्या वर, त्या त्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या हिवाळ्यात २० टक्के, ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये २५, पावसाळ्यात ३० टक्के. भीमगोड्याच्या बंधाऱ्याखाली ऑक्टोबर ते मे ३६ घनमीटर सेकंदाला, जून ते सप्टेंबर ५७. सरांना हे पुरेसे वाटले नव्हते.

यांची तब्येत तेव्हा उतरणीला लागली होती. डायलिसिसच्या दिवसांआड हे खिडकीपाशी बसत. मी अधिसूचनेतले आकडे वाचून दाखवले. ३६ घनमीटर ऐकताच यांनी पेन्सिल मागितली आणि वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला. घनमीटर यांना कधी रुचले नाहीत, सगळे क्युसेकमध्ये आणावे लागे. "बाराशे एकाहत्तर," हे म्हणाले. मग मला विचारले, "मालवीयांनी किती मिळवले होते?"

"हजार."

दोन्ही आकडे एका धारेचे नाहीत, हे यांना माझ्याआधी कळले होते. हजार हा घाटाकडच्या प्रवाहाचा, बाराशे एकाहत्तर बंधाऱ्याखालच्या नदीचा. कालव्याची क्षमता आज साडेदहा हजार क्युसेक आहे, कॉटलीने बांधला तेव्हा पावणेसात हजार होती. यांनी हे सगळे त्या कडेला एकाखाली एक लिहिले. पेन्सिल बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "एकशेदोन वर्षं. आणि नदीला एवढंच?"

पुढे काही बोलले नाहीत. ते वर्तमानपत्र मी ठेवले आहे. ११ महिन्यांनी हेही गेले.

मातृसदनाकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच ई-रिक्षाने गेले. फाटकापासून आत दाट झाडी. मी आत कुणाला भेटायला गेले नाही. काय म्हणून ओळख सांगणार होते? बाहेरच्या वाटेने गंगेच्या पात्राकडे उतरले. इथे मात्र पाणी होते. कालवा बंद, म्हणून कालव्याचे पाणीही तेवढे दिवस नदीत. वर्षातून जेमतेम तीन आठवडे ती आपल्या पात्रातून बरीचशी जाते. गार वारा सुटला होता. गोटे धुऊन पांढरे झालेले, त्यांच्यावरून उथळ पाणी आवाज करत चालले होते. असा आवाज असला की पाणी प्राणवायू ओढून घेत असते, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर सूत्रात लिहिले.

सासूबाईंच्या वेळचा झाळलेला गंगाजलाचा तांब्याचा गडू आमच्या देवघरात आहे. मला दुसरे भांडे न्यायचे होते. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मुलांनी मला एक बीओडीची बाटली दिली होती, काठाला किंचित टवका उडालेली, चाचणीतून बाद केलेली. ती मी पिशवीत घालून आणली होती. चप्पल काढून गुडघाभर पाण्यात शिरले. बाटली आडवी धरून, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून, हळूहळू पाण्याखाली नेली. भरली तशी बाटलीवर टिचकी मारून काचेला चिकटलेली हवा सोडली, पाण्याखालीच बूच तिरके सरकवून बसवले आणि वर काढून उन्हात धरली. एकही बुडबुडा नव्हता.

काठावर बसून लेबल लिहिले. स्थळ: गंगा, जगजीतपूर, कनखल. तारीख घातली, वेळ घातली. नमुना घेणाऱ्याचे नाव. पाण्याच्या तापमानाची जागा मोकळी राहिली, थर्मामीटर आणला नव्हता.